ऐंशी डॉलरचं भाडं आणि साडेतीन लाखांचे मोती

'द ग्रेट गॅट्सबी' वाचायला घेताना हाताशी पेन्सिल ठेवावी आणि जिथे पैशाचा आकडा येईल तिथे खूण करत जावं. पुस्तक छोटं आहे. नऊ प्रकरणं, पन्नास हजारांच्या आत शब्द. पण एफ. स्कॉट फिट्झजेराल्डने त्यात एकही रक्कम उगाच घातलेली नाही. फसलेल्या प्रेमाची गोष्ट म्हणून आपण ही कादंबरी वाचतो खरी, पण ते प्रेम का फसलं याचा हिशेब त्या आकड्यांत मांडून ठेवलेला आहे.

सुरुवात ऐंशीपासून करू. निवेदक निक कॅरावे १९२२ च्या वसंतात बाँडचा धंदा शिकायला न्यूयॉर्कला येतो. शहरापासून वीस मैलांवर, लाँग आयलंडवर, वेस्ट एग नावाच्या भागात तो महिना ऐंशी डॉलर भाड्याचं एक जुनाट बंगलीवजा घर घेतो. वर्षभराचा खर्च वडील उचलणार आहेत. शेजारच्या घरांचं भाडं एका मोसमाला बारा ते पंधरा हजार. त्यातलं एक घर म्हणजे गॅट्सबीचा वाडा : संगमरवरी तलाव, चाळीस एकरांहून मोठी बाग.

आता दुसरी खूण. जून १९१९ मध्ये टॉम ब्यूकॅनन हा श्रीमंत माणूस डेझीशी, म्हणजे गॅट्सबीच्या पूर्वीच्या प्रेयसीशी, लग्न करायला तिच्या गावी, लुईव्हिलला येतो. येताना रेल्वेचे चार खाजगी डबे भरून शंभर माणसं आणतो, हॉटेलचा अख्खा मजला घेतो आणि लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ देतो. साधा भागाकार करून पाहा. त्या एका माळेत निकचं घरभाडं ३६४ वर्षं भरता आलं असतं. गॅट्सबीला तरुणपणी डॅन कोडी नावाच्या लक्षाधीशाकडून वारसाहक्काने मिळायचे होते पंचवीस हजार, म्हणजे माळेचा चौदावा हिस्सा. तेही कायद्याच्या कुठल्याशा खाचाखोचीत अडकले आणि सगळे कोडीच्या मैत्रिणीच्या, एला केच्या, घशात गेले.

या आकड्यांपाशी बहुतेक वाचक एका निष्कर्षावर थांबतात : डेझीने पैसा पाहिला आणि गॅट्सबीला सोडलं. गॅट्सबीचाही समज तोच, म्हणून तर तो पैसा कमवायला निघतो. गोम अशी, की १९२२ मध्ये त्याच्याकडे तो आहे आणि तरीही तो पुरत नाही.

इंग्रजी समीक्षेत यावर 'ओल्ड मनी' आणि 'न्यू मनी' अशा मथळ्याखाली पानंच्या पानं भरलेली सापडतात. मराठीत गर्भश्रीमंत आणि नवश्रीमंत हे दोन शब्द शेजारी ठेवले की काम झालं. खाडीच्या एका बाजूला ईस्ट एग, तिथे टॉम-डेझीसारखे गर्भश्रीमंत. समोर वेस्ट एग, तिथे नवश्रीमंत. पैसा किती आहे हे इथे कोणी विचारत नाही, तो कधीपासूनचा आहे एवढंच पाहतात. टॉम पोलोचे घोडे शिकागोजवळच्या लेक फॉरेस्टहून घेऊन येतो आणि त्याचं त्याला काहीच वाटत नाही. गॅट्सबीचा वाडा नॉर्मंडीतल्या कुठल्याशा टाऊन हॉलची नक्कल आहे आणि त्याच्या भिंतीवर नुकतीच चढू लागलेली विरळ वेल आहे. विटा आणता येतात, वेल दाट व्हायला वर्षं लागतात.

हाच प्रकार तिसऱ्या प्रकरणातल्या ग्रंथालयात आहे. घुबडासारखा चष्मा लावलेला एक दारुडा पाहुणा कपाटातून पुस्तक काढतो आणि थक्क होतो : पुस्तकं खरी आहेत, पुठ्ठ्याची नाहीत. पण पानं कापलेली नाहीत. आजच्या वाचकाला हे वाक्य नीट लागत नाही, म्हणून सांगायला हवं. त्या काळी बरीच पुस्तकं छापील तावांच्या घड्या न कापताच बांधली जात. वाचणाऱ्याने कागद कापायची सुरी घेऊन एकेक पान मोकळं करायचं. म्हणजे न कापलेलं पुस्तक हे कोणीही न वाचलेलं पुस्तक. तो पाहुणा मात्र हसत नाही, दाद देतो : कुठे थांबायचं तेही या माणसाला कळलंय. माझ्या मते गॅट्सबीविषयी पुस्तकभर एवढं नेमकं कोणी बोलत नाही. पुढे त्याच्या अंत्ययात्रेला पाहुण्यांपैकी येतो तो हाच एक.

कपड्यांचा धागा आकड्यांच्या मागोमाग चालतो आणि तो सहज निसटतो. १९१७ मध्ये लुईव्हिलजवळच्या छावणीतला अधिकारी म्हणून गॅट्सबी डेझीच्या घरी जातो तेव्हा त्याच्या अंगावर गणवेश असतो. गणवेशाचा फायदा हा, की त्यात लक्षाधीशाचा मुलगा आणि नॉर्थ डकोटातल्या कफल्लक शेतकऱ्याचा मुलगा सारखेच दिसतात. युद्ध संपल्यावर तो गणवेश काढता येत नाही, कारण दुसरे कपडे घ्यायला पैसे नाहीत. गॅट्सबीचा धंद्यातला साथीदार, जुगारी मायर वुल्फशाईम निकला सांगतो की पहिल्यांदा दिसला तेव्हा हा पोरगा दोन दिवसांचा उपाशी होता आणि अर्ध्या तासात त्याने चार डॉलरहून जास्तीचं खाणं संपवलं. आता याच्याशेजारी मर्टल विल्सनची तक्रार ठेवा. टॉमची ही रखेल आपल्या नवऱ्याविषयी काय सांगते? लग्नात त्याने घातलेला सूट उसना होता, आणि सूटचा मालक तो परत मागायला आला तेव्हा तिला ते कळलं. उसना सूट आणि सरकारी गणवेश यात तसा फरक काय? पुढे टॉम गॅट्सबीला खोडून काढायला कोणता पुरावा देतो तेही पाहा. ऑक्सफर्डला शिकलेला म्हणे, आणि गुलाबी सूट घालतो!

(वुल्फशाईमच्या चित्रणात त्या काळातला ज्यूद्वेष उघडउघड आहे. तो खटकतो, खटकायलाच हवा. १९१९ ची बेसबॉलची वर्ल्ड सिरीज फिरवल्याचा आरोप ज्याच्यावर झाला त्या अर्नोल्ड रॉथस्टीनवरून हे पात्र उचललं असं मानलं जातं.)

गॅट्सबीचा पैसा नेमका कुठून आला, हे कादंबरी सरळ कधीच सांगत नाही. तुकडे वेचावे लागतात. पाचव्या प्रकरणात तो बोलून जातो की हा वाडा घ्यायचे पैसे मिळवायला बरोब्बर तीन वर्षं लागली. निक लगेच पकडतो : तुम्हाला तर वारशाने मिळाले होते ना? त्यावर सारवासारव, मग औषधांचा धंदा, मग तेलाचा. सातव्या प्रकरणात टॉम फोड करतो : वुल्फशाईम आणि हा, दोघांनी मिळून न्यूयॉर्क आणि शिकागोतली गल्लीबोळातली औषधांची दुकानं विकत घेतली आणि तिथे काउंटरवरून दारू विकली.

औषधांचीच दुकानं का, हे तो काळ माहीत असल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी १७ जानेवारी १९२० पासून लागू झाली. पण कायद्यात एक खिडकी उघडी होती. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर औषध म्हणून व्हिस्की मिळे, एका रुग्णाला दहा दिवसांत एक पाइंटपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा लिटर. म्हणजे ज्याच्या हातात औषधांचं दुकान, त्याच्या हातात दारूचा साठा ठेवण्याचं कायदेशीर निमित्त. १९१९ च्या अखेरीला उपाशी असलेला माणूस १९२२ च्या उन्हाळ्यात वाड्यात कसा, याचं उत्तर एवढ्यात मिळतं आणि त्याची 'तीन वर्षं'ही जुळतात. चोरीच्या बाँडचाही काहीतरी मामला आहे. तो कळतो गॅट्सबीच्या मृत्यूनंतर आलेल्या एका फोनवरून, कारण पलीकडच्याला वाटतं आपण गॅट्सबीशीच बोलतोय.

आणि हा दारूविक्रीचा आरोप करणारा टॉम त्या दिवशी घरातून निघताना काय घेऊन निघतो? टॉवेलात गुंडाळलेली व्हिस्कीची बाटली. फिट्झजेराल्ड त्यावर एक शब्द बोलत नाही. बाटली प्लाझा हॉटेलात, टॉम आणि गॅट्सबीचं भांडण जिथे होतं त्या खोलीत, टेबलावर ठेवून देतो, बस.

आता पाचवं प्रकरण. घाई असेल तर बाकीचं चाळलं तरी चालेल, हे मात्र सावकाश वाचावं. गॅट्सबी आणि डेझीची भेट निकच्या घरी ठरलेली आहे, चार वाजता, तीही फक्त चहाला. सकाळपासून पाऊस. अकरा वाजता गॅट्सबीचा माणूस भर पावसात निकच्या अंगणातलं गवत कापायला येतो. मग एका चहासाठी काचगृहच उचलून आणल्यासारखी फुलं येतात. गॅट्सबी पांढरा फ्लॅनेलचा सूट, चंदेरी शर्ट आणि सोनेरी टाय घालून येतो आणि चारला दोन मिनिटं कमी असताना उठून म्हणतो, कोणी येत नाही आता, मी काही दिवसभर थांबू शकत नाही. डेझी आल्यावर तो मागच्या बाजूने बाहेर पडतो, घराला वळसा घालतो आणि भिजलेल्या अवस्थेत पुढचं दार ठोठावतो. नुकताच आल्यासारखा.

आत आल्यावर तो शेकोटीच्या फळीला टेकून बेफिकिरीचा आव आणतो. त्याचं डोकं फळीवरच्या घड्याळाला लागतं, घड्याळ कलतं, तो थरथरत्या बोटांनी ते झेलतो आणि जागेवर ठेवतो. घड्याळ बंद पडलेलं आहे, हा तपशील बरेच वाचक गाळतात. डेझी शिष्टाचाराने म्हणते की भेटून बरीच वर्षं झाली. तो तत्काळ म्हणतो : येत्या नोव्हेंबरात पाच. तिच्या लेखी तो काळ 'बरीच वर्षं' आहे, त्याच्याकडे महिन्यापर्यंत मोजमाप आहे. दोघांच्या प्रेमातला फरक मला दुसरीकडे कुठेही इतक्या थोड्या शब्दांत सापडत नाही.

मग वाडा दाखवणं, मग शर्ट. इंग्लंडमधला एक माणूस दर मोसमाच्या सुरुवातीला निवडक कपडे पाठवतो, ते कपाटात विटांसारखे रचून ठेवलेले आहेत. गॅट्सबी एकामागून एक शर्ट टेबलावर फेकत सुटतो : तलम लिनन, जाड रेशीम, मऊ फ्लॅनेल; पोवळ्याच्या रंगाचे, सफरचंदी हिरवे, जांभळट, फिकट नारिंगी. डेझी त्या ढिगात डोकं खुपसून रडते. इतके सुंदर शर्ट मी कधी पाहिले नव्हते, म्हणून वाईट वाटतंय, म्हणते. हा प्रसंग डेझीच्या उथळपणाचा पुरावा म्हणून वापरला जातो. ते अर्धंच खरं आहे. लग्नाच्या आदल्या रात्री हीच मुलगी एक पत्र मुठीत धरून दारू पिऊन पडली होती. ते पत्र तिने थंड पाण्याच्या टबातही सोडलं नाही, त्याचा लगदा होऊन बर्फासारखे तुकडे पडू लागले तेव्हा सोडलं. अर्ध्या तासाने मोत्यांची माळ गळ्यात. पत्र कोणाचं ते लेखक सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तीन वर्षांनी शर्टांच्या ढिगात ती रडते तेव्हा त्या रात्रीचा हिशेब तिच्यापुढे नव्याने आलेला असतो : थांबले असते तर हेही मिळालं असतं.

त्यानंतर खिडकी. बाहेर धुकं आहे. गॅट्सबी तिला सांगतो, तुमच्या धक्क्याच्या टोकाशी रात्रभर एक हिरवा दिवा जळतो. डेझी त्याच्या हातात हात अडकवते आणि तो मात्र स्वतःच्याच वाक्यात हरवतो. निक नोंदवतो की ती खाडीपलीकडे होती तोवर त्या दिव्याला फार मोठा अर्थ होता, आता तो धक्क्यावरचा एक दिवा झाला. भारलेल्या वस्तूंतली एक कमी झाली. भ्रमनिरास प्लाझा हॉटेलातल्या भांडणात होतो असं परीक्षेच्या उत्तरांत लिहिलं जातं. माझ्या वाचनात तो इथे सुरू होतो, गॅट्सबीच्या सर्वांत सुखाच्या दुपारी. पाच वर्षांत त्याने मनात जी डेझी रचली तिला पुरी पडणारी बाई अस्तित्वातच नव्हती, आणि यात खऱ्या डेझीचा काही दोष नाही. भूतकाळ परत आणता येत नाही असं निक म्हणतो तेव्हा तो चकित होऊन उत्तर देतो : का नाही, नक्कीच आणता येतो!

प्लाझाचा प्रसंग त्यामुळे वसुलीसारखा आहे. गॅट्सबीची मागणी आता वाढलेली आहे : टॉमला सोड एवढ्याने भागत नाही, त्याच्यावर कधी प्रेमच नव्हतं असं म्हण. डेझी म्हणायचा प्रयत्न करते. टॉम एका सहलीची आठवण काढतो, बूट भिजू नयेत म्हणून तिला उचलून खाली आणल्याची, आणि तिला ते वाक्य पुरं करता येत नाही. तू फार मागतोस, ती गॅट्सबीला म्हणते, माझं त्याच्यावरही होतं आणि तुझ्यावरही. मग टॉम औषधांच्या दुकानांचं प्रकरण काढतो आणि डेझी आक्रसत जाते. जिंकल्यावर टॉम काय करतो? तिला गॅट्सबीच्याच गाडीतून त्याच्याबरोबर घरी पाठवतो, कारण आता त्याला कसलीच भीती उरलेली नाही. ती गाडी डेझी चालवते, मर्टल त्याखाली सापडते, आणि साक्षीदार पोलिसाला गाडीचा रंग सांगतो तोही चुकीचा.

त्या रात्री निक ब्यूकॅननांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकावतो. टेबलावर थंड तळलेल्या कोंबडीची बशी आणि दोन बाटल्या एल, म्हणजे एक प्रकारची बिअर. दोघांनी ना कोंबडीला हात लावलाय, ना एलला. टॉमचा हात तिच्या हातावर. दोघं सुखी नाहीत, दुःखीही नाहीत. बाहेर चांदण्यात गॅट्सबी तिच्या रक्षणासाठी उभा आहे. तिला रक्षणाची गरज उरलेली नाही, हे त्याला सोडून सगळ्यांना दिसतंय.

पहिल्या वाचनात गोंधळ उडतो तो कालक्रमाचा. त्यामागे कारण आहे. संपादक मॅक्सवेल पर्किन्सने हस्तलिखित वाचून कळवलं होतं की गॅट्सबी फार धूसर राहतो. त्यावर फिट्झजेराल्डने रोममध्ये बसून मुद्रितांवर मोठी फिरवाफिरव केली आणि पूर्वायुष्याचे तुकडे निरनिराळ्या प्रकरणांत पेरले. दुसऱ्यांदा वाचताना ते असे लावून घ्या : नवव्यातलं गॅट्सबीचं लहानपणचं वेळापत्रक, सहाव्यातला डॅन कोडी, आठव्यातलं लुईव्हिल, चौथ्यात डेझीच्या मैत्रिणीने, जॉर्डन बेकरने सांगितलेलं डेझीचं लग्न, परत नवव्यात वुल्फशाईमची पहिली भेट, शेवटी सातव्यात टॉमचा आरोप. क्रम लागला की निकचीही थोडी झडती घेता येते. आपण ओळखीतल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी एक, असं सांगणारा हा निवेदक दूरच्या नात्यातल्या बहिणीच्या, डेझीच्या, विवाहबाह्य भेटीसाठी स्वतःचं घर देतो.

लेखकाच्या चुकाही सापडतील. डेझीचं लग्न जून १९१९ चं, मुलगी पुढच्या एप्रिलची. तरी १९२२ च्या उन्हाळ्यात ती तीन वर्षांची आहे असं डेझी सांगते. राखेच्या मैदानावरच्या जाहिरातीतल्या डोळ्यांचा 'दृष्टिपटल' एक यार्ड उंच आहे असं मूळ आवृत्तीत छापलं गेलं. म्हणायचं होतं बुबुळ. काही आवृत्त्यांनी ते दुरुस्त केलं, आपली प्रत कोणती ते पाहून घ्यावं. वेळापत्रक ज्या 'हॉपअलाँग कॅसिडी' पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलंय त्यावर तारीख १२ सप्टेंबर १९०६, आणि ते पुस्तक निघालं १९१० मध्ये.

मराठीत आणताना सगळ्यांत जास्त दमवणारे शब्द दोन. 'ओल्ड स्पोर्ट' हा गॅट्सबीचा तकियाकलाम आहे, बड्या घरच्या इंग्रजांची उसनी घेतलेली लकब. 'मित्रा' फिकं पडतं. 'गड्या'ला मातीचा वास येतो, आणि गॅट्सबीला नेमका तोच लपवायचाय. 'दोस्ता' सिनेमातलं वाटतं. टॉम प्लाझामध्ये वैतागून विचारतो की हा शब्द कुठून उचललास, म्हणून तो उचललेला वाटलाच पाहिजे. तसाच ठेवणं बरं. दुसरा शब्द शीर्षकातला 'ग्रेट'. 'थोर' किंवा 'महान' केलं की उपरोध जातो. मराठी माणूस 'ग्रेटच आहेस' म्हणतो तेव्हा त्यात कौतुक आणि टोमणा दोन्ही असतात, म्हणून इथेही मूळ शब्दच बरा.

पुस्तक १० एप्रिल १९२५ ला आलं. पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची, ऑगस्टमध्ये आणखी ३,००० छापल्या, आणि त्यातल्या काही १९४० मध्ये लेखक वारला तेव्हाही गोदामात पडून होत्या. हल्ली 'गॅट्सबी थीम'च्या पार्ट्या होतात. करणाऱ्यांनी निदान एवढं वाचावं : दर शुक्रवारी पाच खोकी संत्री-लिंबं यायची आणि सोमवारी मागच्या दाराने त्यांच्या सालींचा ढीग निघायचा. अंत्ययात्रेला तीन गाड्या. डेझीकडून फूल नाही. बरेच दिवस फुकट राहिलेल्या एका पाहुण्याचा फोन आला, तो विसरलेले टेनिसचे बूट पाठवून द्या म्हणून.

मिनेसोटाहून म्हातारे वडील तेवढे येतात, हेन्री गॅट्झ (गॅट्सबीचं मूळ आडनाव हेच). पोराचं वेळापत्रक ते निकला वाचून दाखवतात : सहाला उठणे, सव्वासहाला व्यायाम, पाच ते सहा वक्तृत्व आणि रुबाबाचा सराव. खाली संकल्प, आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकणे. पाच खोडून तीन केलेले आहेत. आठवड्याला तीन डॉलरने ती मोत्यांची माळ घ्यायला दोन हजार दोनशेहून जास्त वर्षं लागली असती. त्याआधी म्हातारा खिशातून एक फोटो काढतो. पोराने पाठवलेला, कोपरे मोडलेला, पुष्कळ हातांनी मळलेला. याच वाड्याचा. ज्या घरात उभा आहे त्या घराचा फोटो तो निकपुढे धरतो आणि बोट ठेवून एकेक गोष्ट दाखवू लागतो, हे बघा, आणि हे बघा.